झाकलेली पातेली

पूर ओसरला तरी दोन भंते आणि शाळेतली पोरं आमच्या विहारातच मुक्कामाला होती. भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अन्नदानाला आलेल्या साहेबांना मात्र ते ठाऊक नव्हतं. फोटोवाला यायचा होता, म्हणून त्यांनी अकरापासून पातेल्यांवरची झाकणं काढू दिली नाहीत.

मी घड्याळाखाली उभी होते. सांगू शकले असते, पण सांगितलं नाही. लहानपणी अशाच एका साहेबाने वह्या वाटताना मला तीनदा उन्हात उभं केलं होतं, फोटोत माझं हसू नीट येत नव्हतं म्हणून. काहींच्या दानाला घेणाऱ्याचा चेहराही लागतो.

बारा वाजून गेल्यावर फोटोवाला आला. साहेबांनी ऐटीत वरणाचा डाव पुढे केला. थोरल्या भंतेंनी भिक्षापात्रावर हात ठेवला.

"आमची वेळ टळली. मुलांना वाढा."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं, आणि फोटो नेमका तेव्हाच निघाला. बरी जिरली! इतक्या वर्षांनी मला गार वाटलं.

भंते पाण्याचा पेला घेऊन माझ्याजवळ थांबले. पीठ संपत आल्यामुळे आदल्या दिवशी त्यांच्या पात्रात अर्धीच भाकरी पडली होती, आणि आता उद्या सकाळपर्यंत काहीच नाही. ती भाकरी मीच वाढली होती.

"ताई," ते हळूच म्हणाले, "घड्याळ तर तुमच्याच डोक्यावर होतं."