पाय ब्रेक शोधतो

वेळ्ळिंगिरी अण्णा गाडीत बसले की आधी चपला काढून सीटखाली सरकवायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. आमच्याकडचे जुने लॉरीवाले सगळेच अनवाणी चालवतात, पण अण्णांचं त्यात जरा जास्तच होतं. क्लच कुठे धरतोय, ब्रेक किती खाली गेलाय, इंजिन कुठे दमायला लागलंय, हे कानाच्या आधी तळव्याला कळतं असं ते म्हणायचे. बूट घालून गाडी चालवणाऱ्या पोरांना त्यांनी 'हातमोजे घालून भात खाणारे' असं नाव ठेवलं होतं.

पोदनूरच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर बरोबर आमच्या समोर. नवऱ्याच्या पंपाच्या कारखान्यातल्या नोकरीपायी मी मराठी बाई इकडे तमिळ मुलखात आले आणि इथलीच होऊन गेले. अण्णा माझ्याहून कितीतरी मोठे, तरी मला अक्काच म्हणायचे, आणि त्यांची बायको पावायी पहिल्या दिवसापासून माझ्याशी धाकट्या बहिणीला बोलावं तसं बोलायची.

आठवडाभर अण्णा फाउंड्रीचा माल वाहायचे. शनिवारी-रविवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर मोटारींच्या शर्यती असल्या की त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. बंद पडलेली, उलटलेली, भिंतीला जाऊन चिकटलेली गाडी उचलून आणायची क्रेनची लॉरी ते चालवत. म्हणजे शर्यत थांबली की अण्णा ट्रॅकवर उतरणार. तिथलं एकेक वळण त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, पण बैलगाडीच्या चालीनं. शर्यतीच्या गाडीत ते कधी बसले नाहीत. बसावंसं वाटलं नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. वाटलं असतं तर काय केलं असतं, एवढंच ते म्हणाले आणि हसले.

त्यांची एकुलती एक मुलगी कोकिळवाणी, म्हणजे आमची वाणी आणि त्यांची लाडकी कण्णू, लहानपणी लॉरीच्या केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसून हे सगळं बघायची. पुढे ती शिकली, बंगळुरूला एका कंपनीत लागली. गाडी चालवायला तिला अण्णांनीच शिकवलं, आणि तेही अनवाणी.

साखर अण्णांना बऱ्याच वर्षांपासून होती. गोळ्या घ्यायचे, बेकरीतल्या चहात साखर नको म्हणायचे आणि बरोबर बन खायचे. एका संध्याकाळी ते बेकरीतून घरी आले ते एकाच चपलेत. दुसरी वाटेत कधी गळून पडली ते त्यांना कळलंच नव्हतं. पावायी पोट धरून हसली आणि ती चप्पल शोधायला स्वतः गेली. त्या वेळी हसण्यासारखंच वाटलं होतं.

मग ट्रॅकवर ती गोष्ट घडली. शर्यत संपली होती. अण्णा एक मोडकी गाडी उचलायला लॉरी मागे घेत होते. त्यांनी ब्रेक दाबला, निदान त्यांना तसं वाटलं. पाय अर्धा ब्रेकवर आणि अर्धा ॲक्सिलरेटरवर होता. लॉरी थेट टायरांच्या भिंतीत घुसली. तिथे झेंडा घेऊन उभा असलेला माणूस उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. कुणी अण्णांना बोल लावला नाही, उलट पाणी आणून दिलं. पण त्यांनी त्याच संध्याकाळी किल्ली परत केली. फाउंड्रीच्या मालकालाही येत नाही म्हणून सांगून टाकलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तळव्याला सुईचं टोक लावून पाहिलं, तेव्हा अण्णा म्हणाले, कधी लावताय.

हे पावायीला ठाऊक होतं आणि तिच्याकडून मला. वाणीला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं की आता कंटाळा आलाय, खूप झालं. पोरगी तिकडे एकटी असते, उगाच जीव टांगणीला लागेल, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा घरी बसले. घरी बसलेला ड्रायव्हर कसा दिसतो ते मी समोरून रोज पाहत होते. ओट्यावर खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसायचे आणि कुणी गिअर चुकीचा टाकला की मान हलवायचे.

पोंगलला वाणी आली ती मोठाले खोके घेऊनच. टीव्हीला जोडून खेळायचा मोटारशर्यतीचा गेम, आणि त्यासाठी वेगळं घेतलेलं स्टिअरिंग आणि पेडल. दुकानदार तिला म्हणाला होता की बरोबर गेमपॅड मिळतोच आहे, दोन हातांत धरायचा, बटणं दाबायची. नवीन माणसाला तोच सोपा, स्टिअरिंग मागाहून घ्या. वाणीनं त्याला सुनावलं की माझे वडील नवीन नाहीत, त्यांचा जन्म गेलाय गाडीवर, त्यांच्या हातात खेळणं काय द्यायचं.

तिनं पावायीच्या शिलाई मशीनच्या टेबलाला स्टिअरिंग घट्ट आवळून बसवलं. पेडल फरशीवर सरकू नये म्हणून मागे भिंतीशी विटा लावल्या. मी पोंगलचा डबा परत द्यायला गेले होते, ती तिथेच थांबले. अण्णा टेबलाशी आले, खुर्चीत बसले आणि सवयीनं चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या. स्टिअरिंग हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला. ते नुसतं प्लॅस्टिकचं चाक नव्हतं; गाडी ट्रॅकच्या कडेवरून गेली की ते हातात थरथरायचं. त्यांनी ते दोनदा मुद्दाम करून पाहिलं.

मग पहिलं वळण आलं आणि गाडी सरळ भिंतीत गेली.

वाणी म्हणाली, होतं असं सुरुवातीला. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा वळणाच्या पुष्कळ आधीच गाडी थांबून राहिली, मग एकदम उसळली आणि पुन्हा भिंतीत. वाणी शेजारी उभी राहून ब्रेक कुठे दाबायचा ते सांगायला लागली. अण्णा हूं हूं म्हणत होते. पुढच्या वळणाच्या आधी त्यांनी टीव्हीवरची नजर काढली आणि टेबलाखाली वाकून बघितलं.

"अप्पा, खाली काय बघताय?"

वाणीनंही खाली वाकून पाहिलं. त्यांचा उजवा पाय दोन्ही पेडलांच्या मधे फरशीवर टेकलेला होता आणि ते तो जोरानं दाबत होते.

पावायी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पदराचं टोक तोंडाशी धरून आत निघून गेली. वाणीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं कळलं. ती फरशीवर बसली आणि तिनं बापाचा पाय दोन्ही हातांत घेतला.

"मी धरलाय ते कळतंय का?"

"दिसतंय ना, कण्णू," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं वेगळा उपाय काढला. स्टिअरिंगच्या मागे बोटांनी ओढायच्या दोन पट्ट्या असतात. त्यांतली एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक करून टाकली. पेडल उचलून खोक्यात घातली. आता पायांचं कामच नाही, नुसते हात चालवा, म्हणाली. अण्णांनी तिच्या समाधानासाठी थोडा वेळ खेळून पाहिलं आणि थांबले. ते जे म्हणाले ते माझ्या नीट लक्षात आहे.

"स्टिअरिंग हातात असलं ना, की पाय खाली ब्रेक शोधतो. मी नको म्हटलं तरी शोधतो. सापडत नाही मग घाबरतो. तू हे घेऊन जा कण्णू. तुझे पाय चांगले आहेत."

तो गेमपॅड घ्या मग, असं ती म्हणाली, तर पोरांचं खेळणं म्हणून त्यांनी त्याला हातही लावला नाही. वाणी स्टिअरिंग आणि पेडल घेऊन बंगळुरूला गेली. बाकीचं सगळं टीव्हीपाशी तसंच राहिलं.

त्यातून वाट काढली ती पावायीनं. दुपारी कामं आवरली की ती गेमपॅड घेऊन बसायला लागली. ती त्याला रिमोट म्हणायची. जन्मात तिनं सायकलसुद्धा चालवली नव्हती. तिची गाडी गवतातून, कुंपणातून, उलट्या दिशेनं कुठेही जायची, आणि अण्णा मागे खाटेवर पडून हे बघायचे. दोन-तीन दिवस त्यांनी सहन केलं. मग एका दुपारी मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"अगं ब्रेक. ब्रेक, ब्रेक. आता नाही, आधी. संपलं, गेली."

"एवढं कळतंय तर तुम्हीच चालवा की. लॉरीत मला कधी बसवलंत का?"

"तुझ्या हाती लॉरी दिली असती तर पोदनूर राहिलं असतं का?"

पावायीनं रिमोट त्यांच्या छातीवर ठेवला आणि भाजी निवडायला माझ्याकडे आली. बऱ्याच वेळानं आम्ही डोकावून बघितलं, तर अण्णा खाटेवर मांडी घालून बसले होते, पाय खाली दुमडून आणि वर पंचा टाकून, आणि गाडी रस्त्यावर होती.

गेमपॅडच्या मागच्या बाजूला दोन खटके असतात. उजव्या बोटानं गाडी पळते, डाव्यानं थांबते. जितकं हळू दाबाल तितकं हळू. अण्णांच्या बोटांत अजून सगळं शाबूत होतं. जे तळव्याला कळायचं ते त्यांनी महिन्याभरात बोटांना शिकवलं. वाणीनं तिकडे स्वतःलाही तोच गेम घेतला. रविवारी दुपारी ती तिकडून खेळायची, हे इकडून, मधे फोन चालू ठेवून. ती स्टिअरिंगवर आणि हे गेमपॅडवर, आणि तरी बहुतेक वेळा हेच पुढे. एवढं मोठं चाक घेऊन मागे कशी राहतेस, भरताला घेतलेलं वांगं धरल्यासारखं धरतेस काय, असं ते तिला चिडवायचे. वाणी म्हणायची, अप्पा, बटणंवाल्यांनी गाडीवाल्यांशी बोलू नये. पावायी अरिशीपरुप्पूचं, म्हणजे डाळ-तांदळाच्या भाताचं ताट त्यांच्यासमोर ठेवायची आणि ते निवून जायचं. सबंध उन्हाळा असा गेला. अण्णांना मी तेवढं खूश एरवी कधी पाहिलं नाही.

आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, त्यांच्या उजव्या चपलेत एक खडा गेला. तो दिवसभर टाचेखाली होता. रात्री पावायीनं पाय पुसताना रक्त पाहिलं. जखम एवढीशी होती, पण भरली नाही. आधी पायाची दोन बोटं काढली, मग गुडघ्याखालून पाय. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत अण्णा डॉक्टरांना विचारत होते की दुखत तर नाही, मग काढायचा कशाला.

दवाखान्यातून आणल्यावर मी भेटायला गेले. पावायी औषधं आणायला गेली होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, बसा अक्का, एक सांगतो, हिला सांगू नका, रडेल.

"पाय होता तेव्हा काही कळत नव्हतं. आता नाहीये, तर कळतंय. सकाळपासून पेडलवर ठेवल्यासारखा वाटतोय. रबराच्या खाचा लागताहेत तळव्याला."

मी विचारलं, दुखतं का? ते म्हणाले, कधीकधी खूप. पण मग तोंड वळवून म्हणाले की असू दे, आठवण तरी झाली त्याला.

त्या दिवसांत त्यांनी वाणीला एकदा स्टिअरिंग घेऊन ये असं फोनवर सांगितलं. ती त्याच आठवड्यात घेऊन आली. टेबलाला बसवलं, पेडल लावली. अण्णांना खुर्चीत उचलून बसवलं. त्यांनी हात चाकावर ठेवले, डोळे मिटले आणि टीव्ही न लावताच पुष्कळ वेळ बसून राहिले. मग मला खाटेवर घ्या म्हणाले. वाणीनं स्टिअरिंग आणि पेडल पुन्हा खोक्यात भरली.

पुढच्या हिवाळ्यात हाताच्या बोटांचीही जाणीव गेली. आधी शर्टाची बटणं लावता येईनात, मग रविवारच्या शर्यतीत त्यांची गाडी वळणावर बाहेर जायला लागली. वाणीच्या ते लक्षात आलं. ती तिकडे आपली गाडी हळू करायची, मुद्दाम गवतात न्यायची, ओरडायची की अप्पा, तुम्ही जिंकलात. अण्णांनी तीन-चार रविवार ते चालू दिलं. एका रविवारी मी तिथे होते. त्यांनी गेमपॅड पांघरुणावर ठेवला आणि फोनकडे तोंड करून म्हणाले,

"कण्णू, तू माझ्यासाठी थांबतेस ते मला दिसतं."

टीव्हीवर तिची गाडी गवतातच उभी राहिली.

"थांबू नकोस. मी बघतो तुझी गाडी. तू चालव."

त्यानंतर ते खेळले नाहीत. रविवारी वाणी एकटीच चालवायची आणि अण्णा इकडे टीव्हीवर तिची गाडी बघायचे. पावायी पाठीशी उशी लावून द्यायची. कधी चांगलं वळण घेतलं तर ते हं म्हणायचे, आणि वाणीला तेवढं ऐकू गेलेलं असायचं.

मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पंगुनी, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या महिन्यातल्या एका सकाळी पावायीनं कॉफी आणून हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही. वाणी बंगळुरूहून स्वतः गाडी चालवत आली. कुणीतरी ड्रायव्हर घे म्हणालं होतं, तिनं ऐकलं नाही.

सोळाव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे गेले. मी आणि वाणी ओट्यावर बसलो होतो. आत पावायी भांडी लावत होती. आईला बंगळुरूला नेते, असं वाणी सांगत होती, आणि आई यायला तयार नाही हेही. मग तिनं आवाज खाली घेतला. कंपनीनं मागच्या महिन्यात सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. तिची साखर जास्त आली होती. अजून काही नाही, काठावर आहे, जेवणखाण सांभाळ, असं डॉक्टर म्हणाले.

"अम्माला सांगू नका," ती म्हणाली.

नाही सांगणार, असं मी म्हणाले. ती आपली पावलं दोन्ही हातांत धरून बसली होती, अंगठ्यानं तळवा दाबून बघत. आतून पावायीनं विचारलं, जेवायला वाढू का, तेव्हा तिनं पाय पटकन खाली सोडले आणि आलेच म्हणाली.