कुरडयांचं दुसरं ऊन आणि नगरची बंद भट्टी

आमच्या कोपरगावाकडच्या घरामागं खडकाळ माळ आहे. ऊस तिथं येत नाही, गवत उगवतं ते पण उपकार केल्यासारखं. सून मंगल म्हणाली, या माळावर जुने मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर तापवून त्यातनं तेल आणि धातू काढायचा प्लांट टाकते. झालं, भावकी पेटली. आम्ही एकच तऱ्हा बघितलेली. भंगारवाले त्याच माळावर वायरी जाळून तांबं काढतात, आणि मागच्या उन्हाळ्यात त्या धुरानं माझ्या वाळत घातलेल्या कुरडया काळ्या केल्या होत्या.

माळ माझ्या नावावर, म्हणून हो की नाही ते मी सांगायचं होतं. मंगल चांगली नोकरी सोडून याच्या मागं लागलेली. तरी तिनं सांगून टाकलं, तुम्ही नको म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाही. म्हटलं, असलं काही चालू असेल तर आधी दाखव. नगरच्या एमआयडीसीत तिच्या ओळखीचा एक प्लांट होता.

कुरडईला दोन उन्हं लागतात. एक घरी दिलं. अर्ध्या ओल्या कुरडया पाटीत भरल्या, वर पांढरं धोतर बांधलं आणि निघाले. हे कशाला, असं मंगलनं विचारलं. म्हटलं, साहेबलोक गोड बोलतात, कुरडई बोलत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढं फुकट. आधारकार्ड मात्र घ्या, कंडक्टर नुसत्या सुरकुत्यांवर विश्वास ठेवत नाही. शिर्डीला गाडी निम्मी रिकामी होते. पुढं राहुरीपर्यंत रस्ता असा, की पोटातला चहा घुसळून निघतो. विळद घाट चढला की एमआयडीसीला उतरायचं, नगर शहरात जायची गरज नाही. फाट्यावर रिक्षा मिळते. प्लांटवाल्यांना आधी फोन करा, असंतसं आत घेत नाहीत.

प्लांट सांभाळणाऱ्या कुलकर्णीबाई पायात जाड बूट घालून दारात उभ्या होत्या. मी आधी धुराडं कुठं ते विचारलं, मग वारा कुठं जातो ते बघितलं, आणि त्याच बाजूच्या सिमेंटच्या ओट्यावर धोतर अंथरून कुरडया मांडल्या. बाईंनी धोतराच्या कोपऱ्यांवर ठेवायला विटा आणून दिल्या. तिथंच मला बाई पटली.

आत लांब टेबलाशी बायका बसून वस्तू उघडत होत्या. बॅटरी पहिली बाहेर, कारण ती तापली की फुटते. काच वेगळी, लोखंड वेगळं. उरलेलं प्लास्टिक आणि आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या यांचा चुरा करून मोठ्या लोखंडी भांड्यात घालतात आणि झाकण आवळतात.

"आजी, आम्ही जाळत नाही," कुलकर्णीबाई म्हणाल्या. "आत हवाच जाऊ देत नाही. नुसतं तापवतो."

मला लगेच कळलं. कोळसा पाडणारे लाकूड मातीखाली दाबतात, तेच हे. वाफ नळीतनं थंड पाण्यातून जाते आणि पुढं थेंब थेंब तेल गळतं. म्हटलं, ही तर हातभट्टी. बाई हसल्या. तत्त्व तेच, फक्त पिऊ नका म्हणाल्या. ते तेल साफ करून कारखान्यांच्या बॉयलरला जातं. ज्या वाफेचं तेल होत नाही, ती फिरवून त्याच भांड्याखाली पेटवतात. तापवायला बाहेरचं जळण फार लागत नाही. इतका काटकसरी संसार मी भावकीत एकाही घरात बघितला नाही.

भांडं निवल्यावर काढलेली एक पट्टी माझ्या हातमोज्यावर ठेवली. दाबली तर करपलेल्या पापडासारखी मोडली, आणि पापुद्र्यांतनं लख्ख तांबं निघालं. ना धूर, ना घाण.

पण मी कौतुक करून परत येणाऱ्यातली नाही. वाईट वायू जातो कुठं, विचारलं. तो क्षाराच्या पाण्यानं धुतात. आणि ते पाणी? ते साफ करून परत वापरतात, खालचा गाळ पिंपात भरून सरकारनं नेमलेल्या जागी पाठवतात.

"आणि एक दिवस हे वायू धुणं बंद पडलं तर?"

बाई म्हणाल्या, "मग डोळ्यांना झोंबतं, आजी. भट्टी बंद करायची. न करणारेही असतात."

हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून बाकीचं मी खरं मानलं.

उन्हं कलल्यावर कुरडया बघितल्या. खडखडीत वाळल्या होत्या, धोतरासारख्या पांढऱ्या. मंगलचा चेहरा उजळला. मी म्हटलं, हुरळू नको, डोळ्यांना दिसत न्हाई ते कुरडईवर पण दिसत न्हाई.

परतताना कोल्हारला भेळ खाल्ली, तुम्हीही खा. मंगलनं तिच्या पुड्याला हात लावला नाही. काय ठरलं ते विचारलंही नाही. मी मात्र सारखी त्या 'न करणाऱ्यां'चा विचार करत होते. यंत्र चांगलं आहे. ते चालवणाऱ्याला कोण बघणार?

घरी धाकटे दीर वाटच बघत होते. "वहिनी, काय ठरलं?"

"माळ दिला. पन भट्टीच्या भिंतीला लागून मला खोली बांधायची. मी तिथं ऱ्हानार."

"मरायला चाललात का?"

"डोळं झोंबलं तर पयले माजं झोंबतील. तुमच्या दारात वास यायच्या आत भट्टी बंद झालेली असंल."

दीर उठून गेले. मंगल उंबऱ्यात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, खिडकी कुठल्या बाजूला ठेवू?"

"धुराड्याच्या," म्हटलं. "आन् तिला झडप बसवू नको."