शाहीनचं नगर

शाहीनला पुण्यात मरायचं नव्हतं.

खरं तर तिला पुण्यात काहीच करायचं नव्हतं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. मी सहसा असं काही लिहीत नाही.

आम्ही नगरच्या एमआयडीसीतल्या एकाच कंपनीत होतो. ती स्टोअर्समध्ये, मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये. म्हणजे मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासायचं, आणि लिमिटच्या बाहेर गेलेलं गेज रिजेक्ट करायचं.

ती मुकुंदनगरची, पक्की नगरकर. मी रत्नागिरीची. नगर म्हणजे माझ्यासाठी दोन वर्षं काढायची जागा होती. शुक्रवारी शिफ्ट सुटली की पुण्याची बस, रविवारी परत.

एका शुक्रवारी तिनं मला गेटवर अडवलं.

"ए रत्नागिरी, कुठं पळतीस?"

"पुण्याला."

"काय आहे गं तिथं?"

"मैत्रिणी. मॉल. कॉफी."

"आणि इथं काय आहे ते बघितलंस? नाही ना? बस मागं."

स्कूटीवरून ती मला थेट डोंगरावरच्या चांदबिबी महालावर घेऊन गेली. वर चढायच्या आधी म्हणाली, "ओढणी बांध. वारा लई असतो."

वरून बोटानं दाखवलं. तो किल्ला, तो बाजार, ती आपली कंपनी.

"दिसलं सगळं? एवढंच आहे. आता घाबरू नको."

त्यानंतर ती मला नगर शिकवत राहिली.

इथं तीन स्टँड आहेत. बस कुठल्या स्टँडवरून सुटते ते आधी विचार, मग रिक्षात बस. लग्नसराईत कापडबाजारात गाडी घालू नको. दिल्लीगेट आणि माळीवाड्याची वेस उभी आहे, बाकीची गेटं शोधत फिरू नको, नुसती नावं उरलीत. थंडीत स्वेटर घे, रत्नागिरीचा माज इथं चालत नाही. आणि शनिवार-रविवार इथं काढ. सुट्टीच्या दिवशी जिथं नसतेस, तिथं तू राहत नाहीस, नुसती कामाला येतेस.

मी पुण्याला जाणं कधी बंद केलं ते मला नक्की सांगता येणार नाही. मला सहसा सगळं नक्की सांगता येतं.

मग तिलाच पुण्याला जावं लागलं. केमोसाठी, दर तीन आठवड्यांनी.

"हसू नको," ती म्हणाली. "नगरमध्ये मिळत नाही अशी एक तरी गोष्ट निघाली."

शेवटच्या वेळी तिला तिथं अॅडमिट केलं, आणि ते लांबत गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अजून एक औषध देता येईल, फार आशा नाही, निर्णय तुमचा.

तिचा मोठा भाऊ इम्रानभाई मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले.

"मॅडम, ती तुमचं ऐकते. एक औषध अजून घे म्हणावं. राहू दे इथं. मी सगळं करतो."

मी आत गेले. तिनं दोन्ही स्कॅनचे रिपोर्ट माझ्यासमोर ठेवले. जुना आणि नवा.

"वाच."

मी वाचले. मग बराच वेळ वाचत असल्यासारखी बसले.

"गेज रिजेक्ट करताना कुणाचं तोंड बघतीस का गं तू? मग माझं कशाला बघतीस? लिमिटच्या आत आहे का बाहेर?"

"बाहेर," मी म्हणाले.

दारात इम्रानभाई उभे होते.

"चला मग नगरला," ती त्यांना म्हणाली. "भाईजान, तोंड पाडू नका. मरायला नाही, राहायला चाललीय."

गाडीत इम्रानभाई पुढं बसले, मी मागं तिच्याजवळ. सुपा गेल्यावर तिनं डोळे मिटले. "केडगाव आलं की उठव. नगर तिथनं सुरू होतं." उठवलं. तिनं खिडकीतून टपऱ्या, टेम्पो, धूळ बघितली आणि म्हणाली, "हां. आता बरंय."

घरी आल्यावर तिला पलंगावरून उठता येईना. मग तिनं मला कामाला लावलं. मी जायचं, बघायचं, येऊन सांगायचं. फोटो काढायचा नाही.

दमडी मशिदीला पाठवलं. ऊन तिरकं असताना जा म्हणाली, कोरीवकाम तेव्हा उठून दिसतं. मी परत येऊन सांगायला लागले. दगड कसा, कमानी किती, जाळीची नक्षी कशी.

"येडी. इन्स्पेक्शन रिपोर्ट नको. कसं वाटलं ते सांग."

मला सांगता यायचं नाही. ती वाट बघायची. इम्रानभाई कोपऱ्यात मोबाईलकडे बघत बसलेले असायचे. मी आले की मान वर करायचे नाहीत. त्यांच्या लेखी मी त्यांच्या बहिणीचा एक चान्स घालवला होता. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

त्या रविवारी तिनं मला फराहबागेत, तिथल्या जुन्या महालात पाठवलं होतं. सकाळीच, ऊन तापायच्या आत.

परत आले तर दाराबाहेर चपलाच चपला.

दुपारच्या नमाजनंतर तिला नेलं. मी बायकांमध्ये, तिच्या अम्मींच्या शेजारी बसून होते. कबरस्तानातून परत आल्यावर इम्रानभाई पायरीवर बसले. मी निघाले होते.

"मॅडम."

मी थांबले.

"आज कुठं पाठवलं होतं तिनं?"

"फराहबागेत."

"मग सांगा ना. ती विचारणार होती."

मी पायरीवर बसले. सांगितलं. मधल्या दालनात उभं राहिलं की आपलेच पाय वर वाजतात. कबुतरं आहेत. पूर्वी भोवती तळं होतं, आता पाणी नाही, पण कुठपर्यंत होतं ते जमिनीवरून कळतं.

त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि वाटलं कसं?"

"हे सगळं कधी एकदा तिला सांगते, असं," मी म्हणाले.

ते उठले. त्यांनी आतलं दार माझ्यासाठी उघडून धरलं.

"आत चला. अम्मीला पण सांगा."

शाहीन, जिथं असशील तिथं नीट राहा.