सामन्याच्या दिवशीची पंगत

आमच्या गल्लीत धाकट्या मारुतीची तालीम आहे आणि तिला लागूनच शालूबाईंची खानावळ. शालूबाई मूळच्या राधानगरीकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा फुटबॉल त्यांनी नुसता ऐकला होता. इथं बघतात तर सासरा, दीर, नवरा, सगळे त्याच्यामागे वेडे. नवरा तालमीच्या फुटबॉल संघात बॅकला खेळायचा. तो अकाली गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळ्यांना वाटलं बाई माहेरी जाणार. शालूबाईंनी पुढच्या खोलीत टेबलं टाकली आणि खानावळ चालू केली. तालमीचे खेळाडू तिथंच जेवायला लागले. कुणाचा गुडघा सुजलाय आणि कुणाचं घरी भांडण झालंय, हे तालमीच्या आधी त्यांच्या चुलीपाशी कळायचं.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला तालमीचे अध्यक्ष बाळासो यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आधीची दोन वर्षं संघ कसाबसा वाचला होता. यंदा तळाला राहून खालच्या गटात गेला, तर पुढच्या वर्षापासून संघच उतरवायचा नाही. खेळाडूंनी खुशाल दुसऱ्या तालमी धराव्यात. शालूबाई तेव्हा पाणी देत होत्या. तशाच पुढच्या पेल्याकडं वळल्या. पण शुक्रवारी माझ्याबरोबर अंबाबाईला आल्या, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ह्यांचं नाव सांगणारा हा संघ एवढाच राहिलाय हो माझ्याकडं."

आमच्याकडं एक रीत आहे. सामन्याच्या दिवशी दुपारी पेठेतल्या एका घरानं संघाला जेवण घालायचं. घरं मानानं ठरतात, आणि पहिला मान शालूबाईंचा. त्यांनी मटण केलं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वर गोड म्हणून शिरा. पोरं पोटभर जेवली आणि चार वाजता शाहू स्टेडियमवर सपाटून हरली.

पेठेत चर्चा झाली की पोरांच्या अंगात ताकदच नाही. मग पुढच्या घरानं जास्त मटण आणलं. आम्ही बायकांनी आग्रह करकरून वाढलं. हरले. त्याच्या पुढच्या सामन्याला कुणीतरी तूपही धाडलं. तोही सामना हरले.

प्रशिक्षक सम्राट सर शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांना कारण दिसत होतं, पण मानाच्या घराला नको म्हणायची हिंमत त्यांना होईना. शेवटी बोलला तो गोलकीपर यशराज. हा गडहिंग्लजचा, शिरोलीला फाउंड्रीत नोकरीला, दोन्ही वेळा शालूबाईंकडंच जेवणारा. गोलात एकटा उभा असल्यामुळं त्याला पुढचे सगळे नीट दिसायचे. वीस मिनिटांत गुडघ्यावर हात टेकून वाकायचे म्हणे.

"आक्का, तुझ्या हाताला लई चव हाय," तो म्हणाला. "पर सामन्यादिवशी तेच आमास्नी पाडतंय बघ."

शालूबाईंना ते फार लागलं. दोन दिवस त्याचं ताट त्याच्यापुढं ठेवायच्या, आग्रह करायच्या नाहीत. तोही मान खाली घालून जेवायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सम्राट सरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, पोरांनी काय खायला पाहिजे. सर चाचरत म्हणाले, सकाळी लवकर भात, साधी आमटी, मग केळी, आणि दुपारी काही नाही. पण लोक ऐकायचे नाहीत.

"लोकांचं माझ्याकडं लागलं," शालूबाई म्हणाल्या. "मी सांगतो त्यास्नी."

पुढचा मान नेमका बाळासोंचा होता. सामन्याच्या सकाळी त्यांच्या घरी मसाला वाटून झाला होता. शालूबाई दारात उभ्या राहूनच म्हणाल्या की जेवण रात्री ठेवा, दुपारी पोरं येणार नाहीत. बाळासोंचा आवाज गल्लीभर गेला.

"माझ्या दारातनं पोरं उपाशी धाडायची व्हय?"

"उपाशी न्हाय. सकाळीच जेवल्यात," शालूबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मीच घातलं आणि मीच पाडली. आता तुमी पाडू नका."

अध्यक्षांना असं बोललेलं आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. ते आत गेले आणि जेवण रात्रीवर ढकललं. त्या दिवशी सामना बरोबरीत सुटला. संघाला मिळालेला पहिला गुण. पुढचा सामना जिंकले, त्याच्या पुढचाही. दर सामन्याच्या दुपारी शालूबाई तालमीच्या पायरीवर बसायच्या आणि प्रेमानं आलेले डबे तितक्याच प्रेमानं परत धाडायच्या. शहरभर टिंगल झाली. आमच्या संघाला लोक 'आमटी-भात' म्हणायला लागले.

शेवटचा सामना पलीकडच्या पेठेच्या बलाढ्य संघाशी होता. जिंकलो तरच वाचणार होतो. शालूबाई इतकी वर्षं मैदानावर गेल्या नव्हत्या, त्या दिवशी आल्या. आम्ही बायका एकत्र बसलो. शेजारच्या कठड्यापलीकडं समोरच्या संघाचा एक मिशावाला समर्थक झेंडा घेऊन उभा होता. त्याला कुणीतरी शालूबाई दाखवल्या असाव्यात.

"काय मावशी, आज काय, वरण की आमटी? रडताना पचायला हलकं बरं असतंय."

शालूबाई पदर घट्ट धरून मैदानाकडं बघत राहिल्या. यशराजनं दोन चेंडू असे अडवले की माझ्या तोंडून अंबाबाईचं नाव निघालं. गोल कुणाचाच होईना. पण शेवटच्या दहा मिनिटांत समोरचे दमून चालायला लागले आणि आमचे अजून पळत होते. अभिराम, दूध संघात कामाला जाणारा आमचा सडपातळ पोरगा, उजव्या कडेनं सुटला, दोघांना मागं टाकलं आणि चेंडू जाळ्यात घातला.

शिट्टी झाली तेव्हा सगळं स्टेडियम उठलं होतं. बाळासो गॅलरीतून धावत आले आणि एवढ्या लोकांत शालूबाईंना वाकून नमस्कार केला. त्या मैदानावरच्या पोरांकडं बघत होत्या, त्यांना ते उशिरा कळलं.

मिशावाल्यानं झेंडा गुंडाळला. जाता जाता कठड्याशी थांबला.

"चला मावशी. पुढच्या वर्षी बघू."

"या की," शालूबाई म्हणाल्या. "आमी हितंच हाय."