आबांच्या वहीसाठी स्कॅनर

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी जाऊनही आजवर उत्तरपत्रिकांपलीकडे काही लिहिलेलं नाही. आठवणी लिहिणाऱ्याच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असावं लागतं, असं मला वाटतं. माझ्या आयुष्यात एक स्कॅनर घ्यायचा राहून गेला, एवढंच घडलं. तरी लिहितोय, कारण त्यात मी कसा वागलो ते तोंडानं सांगायला मला अजून जमलेलं नाही.

आमचं गाव मोरगावच्या बाजूला. जिराईत. आबा, म्हणजे माझे आजोबा, उमेदीची सगळी वर्षं मेंढरं राखत होते. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचं. वाटेतले शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. आबा तिसरीपर्यंत शिकलेले. कुठल्या गावात, कुणाच्या रानात मेंढरं बसली, पाणी कुठं सापडलं, कुठल्या पाटलाची कुत्री वाईट, हे सगळं ते पेन्सिलीनं एका वहीत लिहून ठेवायचे. वही भरली की तिलाच काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं नवे कागद शिवायचे. त्यामुळे आता ती विटेएवढी जाड झाली आहे. तिच्या पानांवर क्रमांक नाहीत. दर दसऱ्याला ती देवापुढे ठेवतात आणि तिच्यावर भंडारा उधळतात. कुठलंही पान उघडलं की हळदीची पूड मांडीवर सांडते.

आबांना आता ते पेन्सिलीचं अक्षर दिसत नाही. डोळ्यांचं जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं डॉक्टरांनी केलं आहे.

गेल्या दसऱ्याला लासुर्ण्याहून चुलते सगळ्यांना घेऊन आले होते. त्यांचा ऊस आहे, कॅनॉलचं पाणी आहे. त्यांचा मुलगा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, डिप्लोमा करतो. त्यानं मोबाईलमधले कुणाच्या तरी लग्नाचे फोटो आमच्या टीव्हीवर लावले. आबा उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले.

“ह्यात माझी वही दिसंल का रं?”

“दिसंल की,” चुलतभाऊ म्हणाला. “स्कॅन करायला लागंल. मग अक्षर हत्तीएवढं करून दावतो तुमाला.”

“हत्ती नगं. मेंढराएवढं केलं तरी बास.”

सगळे हसले. चुलती म्हणाली, “मग वही कुणाकडं देताय आबा? दोघं बी शिकल्याली हायती.”

आबांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. “जो मशीन आणंल त्याला. आन् त्याला शेजारी बसवून समदी वाट सांगतो. हितनं पार कोकणापातूर. एकदा सांगितली म्हंजी मी मोकळा.”

मी इतिहास घेऊन बी. ए. करतो. दोन वर्षांत मी जेवढी पुस्तकं वाचली त्यांत राजांच्या वाटा होत्या, फौजांच्या होत्या, आमच्या माणसांची वाट नव्हती. आबांशेजारी बसून ती ऐकायची, हे मी त्या दिवशी मनाशी धरलं. दुसरं काही मला नको होतं. आणि ते माझंच आहे, असंही मी तिथंच ठरवून टाकलं. मी आबांच्या घरात वाढलो होतो. तो सणाला येणारा.

बारामतीला खोलीवर परतल्यावर मी एक नवी वही केली आणि अभ्यासाला लागलो. मोबाईलनं फोटो काढून पाहिले, तर हाताची सावली पडायची आणि पेन्सिलीचं अक्षर त्या सावलीत विरून जायचं. मग स्कॅनरची माहिती वाचायला लागलो. झाकण उघडून काचेवर कागद पालथा ठेवायचा तो एक प्रकार. त्यात अक्षर चांगलं येतं, पण जाड वही काचेवर दाबून धरावी लागते आणि शिवण तुटते. दुसरा, एका बाजूनं कागद ओढून दुसऱ्या बाजूनं टाकणारा. तो झपाट्यानं काम उरकतो, पण त्याला सुटे कागद लागतात, तेही स्वच्छ. तिसरा टेबलावरच्या दिव्यासारखा उभा राहतो आणि वरून फोटो घेतो. वही मोडावी लागत नाही, पण उजेड दोन्ही बाजूंनी सारखा हवा. मी तिन्हींची तुलना लिहिली. काळ्यापांढऱ्यात स्कॅन केलं तर फिकट पेन्सिल उडून जाते, म्हणून राखाडी छटा ठेवायची, हेही लिहिलं. पानं सुटी करायचीच झाली तर आधी प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक घालायचा. मऊ ब्रशनं धूळ झाडायची, नाहीतर आतली चाकं घसरतात. ही दोन वाक्यं मी लाल शाईनं लिहिली होती.

भिगवण रस्त्यावरच्या एका दुकानात मी चार वेळा गेलो. चौथ्यांदा तिथल्या दुकानदारानं विचारलं, “दादा, घ्यायचाय का परीक्षेला बसायचंय?”

“घ्यायचाय. पण वहीला कुठला बरा पडेल, तेवढं...”

“मागच्या टायमाला बी हेच. त्याच्या आदल्या टायमाला बी हेच. न्या एक. न्हाय जमला तर बदलून देतो.”

“विचार करून येतो.”

“या. आमी हाय हितंच.”

पैशांचं कारण सांगता येईल, पण ते खरं नाही. सुट्टीत काम करून मी जमवले होते. खरं कारण असं की चुकीची वस्तू घेण्याची मला भीती वाटते. आमच्या घरात शिकलेला म्हणून मला विचारलं जातं. कॉलेजात शिकलेला मुलगा चुकीचं मशीन घेऊन आला, असं कुणी म्हणू नये म्हणून मी वाचत राहिलो.

डिसेंबरात तात्यांचा, म्हणजे वडिलांचा फोन आला. चुलतभाऊ पुण्याहून येताना स्कॅनर घेऊन आला होता. कागद ओढणारा. तसाच मोटारसायकलवर आमच्या गावी आला, आबांच्या पाया पडला आणि वही घेऊन गेला.

“दिली आबांनी?” मी विचारलं.

“दिली की. कापडात बांधून दिली. लई खूश हुतं आबा. म्हणालं, ह्याला म्हणत्यात काम.”

मी त्या दिवशी तासाला गेलो नाही. खोलीत बसून स्वतःची तुलनेची वही वाचली. इतकी नीट लिहिलेली, रकाने पाडलेली वही, आणि तिचा मला राग येत होता. चुलतभावाचा त्याहून जास्त येत होता. तो एकदाही दुकानात विचारत बसला नसणार. त्याला आवडलं, त्यानं उचललं. लहानपणीही तो आबांच्या खांद्यावर न विचारता चढायचा आणि मी खाली उभा राहायचो, कुणीतरी उचलेल म्हणून. तो आबांची चेष्टा करतो आणि आबा हसतात. मी “होय आबा” म्हणतो आणि आबा डोकं हलवतात. हे सगळं मला त्या दुपारी एकेक करून आठवत गेलं आणि प्रत्येक आठवणीत तो माझं काहीतरी नेत होता.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. “सर, या की लासुर्ण्याला. तुमच्याबिगर शुभारंभ कसा करायचा?” मी कॉलेजात गेल्यापासून तो मला सर म्हणतो.

मी गेलो. मला मशीन पाहायचं होतं. खरं म्हणजे त्यात काय खोट आहे ते पाहायचं होतं.

मशीन त्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर होतं. पांढरं, लहान, पावाच्या लादीएवढं. त्यानं मला दाखवायला विजेच्या बिलांची चळत त्यात घातली आणि ती सरसर निघून गेली. समोरच्या टीव्हीवर अक्षरं आली. ते खरंच छान होतं.

शेजारी आबांची वही होती, कापड सोडलेली. आणि कात्री.

“आता सांग,” तो म्हणाला. त्या वेळी तो मला सर म्हणाला नाही. “तू ह्यातलं वाचलंयस. मला न्हाय वाचायचं कळत एवढं. दोरा कापायचा आन् पानं घालायची, बरोबर न्हवं? आजून काय करायला लागतं का?”

चुलती दारात चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, “बघ बाबा नीट. आबांचा जीव हाय त्याच्यात.”

लाल शाईची दोन वाक्यं मला शब्दाला शब्द पाठ होती. मी ती म्हटली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. त्यानं ऐकलं असतं. तो ऐकणारा आहे. बसून क्रमांक घातले असते, भंडारा झाडून वाटीत भरून ठेवला असता, आणि मग सगळं नीट झालं असतं, त्याच्या हातून.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “काप.”

“बास एवढंच?”

“एवढंच. जमेल तुला.”

त्यानं दोरा माझ्यासमोर कापला नाही, उद्या सावकाश करतो म्हणाला. मी चहा प्यालो. चुलतीनं निघताना पिशवीत पेरू घातले. इंदापूर-बारामती गाडीत मी खिडकीपाशी बसलो होतो. कुठंतरी खाली उतरून फोन करावा असं दोन वेळा वाटलं. केला नाही. बारामती स्टँडवर उतरल्यावर वाटलं, आता उशीर झाला असेल. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि तो तर उद्या कापणार होता.

पुढचे दिवस मी बातमीची वाट पाहत काढले. मशीन अडकलं, वहीचं नुकसान झालं, आबा त्याच्यावर रागावले, आणि आबांनी मला बोलावलं. इथपर्यंत मी मनात सगळं रचलं होतं. मी उरलेली पानं घेतो, माझा वरून फोटो काढणारा स्कॅनर आणतो, आणि आबा मला शेजारी बसवतात. त्या स्वप्नात आबांची वही फाटत होती, हे मला दिसत होतं. तरी मी ते रोज पाहायचो. चुलतभावाला फोन करायची हिंमत होत नव्हती. त्यानंही केला नाही. तात्यांना विचारावं तर काय विचारणार? जे घडेल असं मला ठाऊक होतं ते घडलं का, एवढंच विचारायचं होतं.

पंधरा-सोळा दिवस असे गेले. मग एका सकाळी तास सुटल्यावर कँटीनच्या पायरीवर बसलो असताना तात्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, “वहीचं कळलं का तुला?”

“नाही. काय झालं?”

“पैली आठ-धा पानं गेली आत आन् अडकली. भंडाऱ्यानं चाकं घसरली म्हणं. पोरानं वढून काढली तर फाटली. त्या गडबडीत टेबलावरचा गठ्ठा खाली पडला, समदी पानं फरशीवर. आता कुठलं आधी, कुठलं नंतर, कुणाला कळंना. आकडं न्हाईत त्याच्यावर.”

“आबा काय म्हणाले?”

“त्यो सवता आला सांगायला. रडाय लागला. म्हणाला, मी सरांना इचारलं हुतं, ते व्हय म्हणालं म्हणून धीर केला, पर माझ्याच हातानं बिघडलं. तुझ्यावर न्हाय ढकललं त्यानं काय.”

“मग?” मी विचारलं.

“आबा म्हणालं, रडू नगं, वाट मला ठावं हाय की. तवाच त्याच्या गाडीवर बसून लासुर्ण्याला गेलं. घोंगडं घिऊन गेलं बघ. फाटल्याली पानं चिकटवली दोघांनी, समदी झाडून पुसून परत मशीनमधी घातली. आता पोरगं कुठलं बी पान टीव्हीवर लावतंय, गावाचं नाव वाचतंय, आन् आबा सांगत्यात ह्याच्या आधी कुठलं आन् फुडं कुठलं. रोज सकाळपासनं बसत्यात. तुझी चुलती म्हणत हुती, जेवायला उठवाय लागतं. महिनाभर काय येत न्हाईत म्हणालं आबा.”

“सगळी वाट सांगतायत?”

“समदी. पानागणिक. लिहिल्यालं नव्हतं ते बी. कालच्याला घाट उतरून खाली पोचलं म्हणं दोघं.”