सीटबेल्टच्या आतला चिखल

परदेशातून जुनी गाडी मागवायच्या विचारात असाल, तर हे वाचाच.

माझ्या नवऱ्याला, इम्तियाजला, इथे आखातात, सखीरच्या वाळवंटात कॅम्पिंगला न्यायला जुनी डिझेल फोर-बाय-फोर हवी होती. कित्येक महिने शोधून त्याने जपानमधून एक मागवली, फक्त जाहिरातीतले फोटो बघून. आज दुपारी ती सनाबिसला आमच्या दारात आली. बाहेरून अगदी चकाचक!

आमची झोया सगळ्यांत आधी मागच्या सीटवर चढली. सीटबेल्ट ओढला आणि म्हणाली, "मम्मा, इट्स सो डर्टी."

बेल्टचा बाहेरचा भाग धुतलेला होता. आत गुंडाळलेला भाग मात्र सुकलेल्या चिखलाने माखलेला. नाकाशी धरला आणि वास लगेच ओळखला. मी चिपळूणची. पूर ओसरल्यावर जो घरातून महिना महिना जात नाही, तोच हा वास.

मी छतातल्या दिव्याचं कव्हर उचकटलं. त्यातही चिखल. म्हणजे पाणी पार छतापर्यंत गेलं होतं.

झोयाला मी हाताला धरून खाली उतरवलं.

इम्तियाजने दिव्याचं कव्हर परत बसवलं. मग म्हणाला, "धुऊन विकून टाकू. खलास." आत्ता तो गाडीचे फोटो काढतोय. जाहिरातीचं वाक्यही त्याने जपानच्या त्या जाहिरातीतूनच उचललंय, "एकाच कुटुंबाने वापरलेली."

मला एवढंच सांगा, पाणी चढत होतं तेव्हा ते कुटुंब कुठे होतं?