विद्युल्लता सायकल शिकते

नाव विद्युल्लता, आणि बाई लिफ्टमध्ये एकटी चढायला घाबरायची. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातलीच गत. दुबईच्या करामा भागातल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ती पंधरा वर्षं राहत होती. या पंधरा वर्षांत ती गॅसच्या सिलिंडरला, रस्ता ओलांडायला, लेकीच्या शाळेच्या बसला आणि दर सुट्टीतल्या विमानाला इमानेइतबारे घाबरत आली होती. शेजारणी थट्टा करायच्या, नवरा सुरेश तर भर पाहुण्यांत करायचा, आणि तीही हसायची. अशा बाईनं बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, एकदाची हिची भीड चेपली. लोकांना काय, दिसतं तेवढंच कळतं. उभ्या जन्मात तिला कधी वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या आठवड्यात वाटत होती.

कारण दोनच माणसांना ठाऊक होतं. निदान तिची तशी समजूत होती. दोन हजार दोनच्या दिवाळीत ते पुण्याला गेले असताना जिना चढताना सुरेशच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी त्याला यंत्राच्या पट्ट्यावर चालवून पाहिलं आणि सांगितलं, अँजिओग्राफी करून घ्या, उशीर नको, आणि तोवर धावपळ बंद. सुरेशनं शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि पुण्याच्या घरी आल्यावर जाहीर केलं की मे महिन्याच्या सुट्टीत बघू.

"मेपर्यंत? अहो, डॉक्टर काय म्हणाले?" ती म्हणाली.

"दुबईत केलं तर ऑफिसला कळणार. नवा मॅनेजर माणसं कमी करतोय आणि मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट संपतंय. हार्ट पेशंटला कोण रिन्यू करेल? नोकरी गेली की व्हिसा गेला, घर गेलं, अवनीची शाळा गेली. खलास."

ती ऐकेना. तेव्हा त्यानं तिचा हात धरला आणि शेजारच्या पलंगावर दुपारची झोपलेल्या अवनीच्या डोक्यावर ठेवला. "हिची शपथ आहे तुला. कुणाजवळ बोलायचं नाही."

विद्युल्लता बीएस्सी होती. पण एकुलत्या एका लेकीच्या डोक्यावर ठेवलेल्या हातापुढे बीएस्सी काय करणार? तिनं तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. डॉक्टरांनी दिलेली जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली तिनं पर्समध्ये टाकली आणि ती पर्स तेव्हापासून जागेपणी तिच्या खांद्यावरून उतरली नाही.

डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली आणि सत्यजितला आरोग्याची उबळ आली. हा सत्यजित सुरेशच्याच ऑफिसात, दोन टेबलं पलीकडे बसायचा आणि त्याच इमारतीत राहायचा. माणूस चांगला, फक्त दुसऱ्याला स्वस्थ बसू देत नसे.

"यल्ला, चला, वहिनी, पोटं कमी करायची सगळ्यांनी," तो दारातूनच म्हणाला. "शनिवार ते शुक्रवार, रोज ऑफिस सुटलं की खाडीकाठच्या पार्कमध्ये. पुरुषांनी धावायचं, लेडीजनी सायकलिंग. शुक्रवारी फायनल रन आणि मग मृणालिनीची मिसळ."

मृणालिनी म्हणजे त्याची बायको, मागेच उभी होती. मिसळीचं तिलाही त्याच क्षणी कळत होतं.

 विद्युल्लतेनं सुरेशकडे पाहिलं. सुरेश हसत म्हणाला, "व्हाय नॉट?" नंतर स्वयंपाकघरात त्यानं तिला समजावलं, की नाही म्हटलं असतं तर सत्यजितला वास लागला असता आणि उद्या सगळ्या ऑफिसला. ते खरंच होतं. पण त्याला स्वतःलाही बघायचं होतं की आपल्याला काही झालेलं नाही. तिनं हे ओळखलं आणि तिची भीती दुप्पट झाली. धावत्या नवऱ्याच्या मागे ती चालत कशी पोचणार होती? आणि गोळी तर तिच्याच पर्समध्ये, तो खिशात ठेवायला तयार नव्हता. म्हणून सायकल.

शनिवारी ती भाड्याच्या सायकलवरून चार वेळा पडली. "तासाला दहा दिरहम, म्हणजे एकशेतीस रुपये, पडायला?" असं म्हणत उठली आणि पुन्हा बसली. मृणालिनी सीट धरून मागे पळता पळता हसून बेजार झाली. रविवारी विद्युल्लतेचं कोपर सोलवटलं. अवनीची मदत होईल म्हणावं तर ती पोरगी सायकलकडे फिरकलीच नाही. चौदा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये धावणारी, ती बापाच्या मागे मागे रेंगाळत धावायची. सुट्टीत आळशी झालीय, विद्युल्लतेला वाटलं. तिला लेकीकडे नीट बघायला सवडच नव्हती. तिची नजर सुरेशच्या पाठीवर.

सोमवारी सायकल सरळ चालली. मंगळवारी ती त्याच्या मागे दहा हातांवर राहिली. हँडल घट्ट धरलेलं आणि कान त्याच्या श्वासाकडे. खजुरांच्या रांगेपाशी तो अचानक थांबला, वाकला, बुटाची लेस बांधू लागला. लेस सुटलेली नव्हती. ती जवळ पोचली तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, आणि हवा तर गार होती.

"बस झालं आता," ती हळूच म्हणाली.

"शुक्रवार होऊ दे. मग बंद," तो म्हणाला आणि उठून धावायला लागला.

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या रात्री तिनं काय काय चिंतलं ते न सांगितलेलंच बरं.

बुधवारी सगळे पार्कच्या गेटवर पोचले आणि पहारेकरी हमदुल्लानं हात आडवा केला. "आज लेडीज डे है. जेंट्स बाहर."

सत्यजितनं कपाळावर हात मारून घेतला. बुधवारी पार्क फक्त बायका-मुलांसाठी असतो, हे दुबईत दहा वर्षं काढून तो विसरला होता. पण हार मानील तो सत्यजित कसला. "नो प्रॉब्लेम. आम्ही बाहेरून धावू, कुंपणाच्या कडेनं. तुम्ही आत सायकल चालवा."

"आज राहू दे," विद्युल्लता म्हणाली. "सगळ्यांनीच घरी जाऊ या."

"अगं, एक दिवसानं काय होतंय?" सुरेश म्हणाला. 

"आय विल रन विथ बाबा," अवनी म्हणाली.

"काही नको. तू आत चल माझ्याबरोबर."

"नो, आई." आणि ती गेलीसुद्धा. उलट बोलायची सवय नसलेली मुलगी. 

मग विद्युल्लतेनं सायकल घेतली आणि कुंपणाच्या आतल्या वाटेवर लावली. मध्ये लोखंडी गज आणि गजांपलीकडे फुटपाथवर ते तिघं. सत्यजित पुढे, मग सुरेश, मग अवनी. ती त्यांच्या बरोबरीनं पायडल मारत राहिली. वाट कुंपणाला चिकटून होती तोवर ठीक होतं. पुढे वाट हिरवळीकडे वळली. वळलं तर सुरेश दिसेनासा होणार. तिनं सायकल वाटेवरून काढून कुंपणाकडच्या मऊ वाळूत घातली. मान गजांकडे वळलेली. सुरेशचा वेग कमी झालेला तिनं पाहिला. त्याचा हात छातीकडे जाताना पाहिला. पुढचं चाक वाळूत रुतलं आणि ती हँडलवरून खाली आली.

पर्स उघडी पडली. बाटलीचं झाकण उडालं आणि गोळ्या वाळूत सांडल्या. गुडघ्यातून रक्त येत होतं. ती गुडघ्यांवरच रांगत गोळ्या शोधू लागली. पांढऱ्या वाळूत पांढऱ्या गोळ्या. एकही सापडेना. बाहेरून सुरेश गज धरून तिचं नाव घेत होता, आणि तिला फक्त एवढंच दिसत होतं की त्याचा चेहरा राखेसारखा झालाय.

गजांपलीकडे कुणीतरी धावत सुरेशपाशी आलं. असं धावताना तिनं अवनीला आठवडाभरात पाहिलं नव्हतं.

"लीव्ह इट, आई. आय हॅव सम." अवनीनं ट्रॅकपँटच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तशाच गोळ्या. एक घेऊन तिनं बापाच्या तोंडाशी धरली. "अंडर द टंग, बाबा."

सुरेशनं जीभ उचलली. तो खाली बसला. सत्यजित काही न समजून कधी सुरेशकडे, कधी अवनीकडे बघत होता.

"तुला कुठून मिळाल्या?" विद्युल्लतेनं विचारलं.

"तुझ्या बाटलीतून. इन पुणे. आय वॉजन्ट स्लीपिंग."

म्हणजे दोन महिने. जिला कळू नये म्हणून ही बाई भिंतींशीसुद्धा बोलली नव्हती, ती दोन महिने शेजारच्या खोलीत तीच भीती घेऊन झोपत होती, आणि आई तिला आळशी समजत होती. विद्युल्लतेला स्वतःचा इतका राग आला की बाकी कशाची भीती वाटायला जागाच उरली नाही. ती उठून गजांपाशी गेली.

"भाऊजी, ह्यांच्या हृदयाला त्रास आहे. पुण्यात डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितलीय. ऑफिसला कळेल म्हणून हे करत नाहीत."

"तुला शपथ घातली होती," सुरेश खालूनच म्हणाला. आवाज बारीक होता, पण त्यात राग होता.

"जिच्या डोक्यावर घातलीत ती जागी होती."

सुरेशनं मान वर करून लेकीकडे पाहिलं. या मुलीला मराठीत बोल, मराठीत बोल म्हणून तो रोज रागवायचा. आता ती मराठीत बोलली, अडखळत, शब्द शोधत.

"बाबा, शाळेत कुणी मला ऑफिसमध्ये बोलावलं ना, की मला वाटतं, तुम्ही गेलात. रोज वाटतं. बसमधून उतरले की आधी बघते, आपल्या इमारतीच्या दाराशी माणसं जमलीत का."

  सुरेश एका हातानं गज धरून बसला होता. मॅनेजर, काँट्रॅक्ट, मार्च, मे, सगळं त्या पोरीपुढे त्याला लहान वाटलं. त्यानं दुसरा हात सत्यजितपुढे केला, उठवायला.

"गाडी काढ," तो म्हणाला. "हॉस्पिटलला जाऊ."